जुन्या गिलाव्यावर नवा हात : गोव्यातील घरांच्या बाहेरच्या भिंतींसाठी

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. वाऱ्याबरोबर येणारी झड पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या भिंतींवर थेट बसते, किनाऱ्याजवळच्या घरांना खारी हवाही सोसावी लागते, आणि पंधरा-वीस वर्षांत चांगल्या गिलाव्यावरही केसाएवढ्या भेगा, काळे शेवाळ आणि फुगलेला रंग दिसू लागतो. अशा वेळी सगळा गिलावा फोडून नव्याने करण्याचा सल्ला बहुतेक कंत्राटदार देतात. मात्र खालचा थर भिंतीला घट्ट धरून असेल, तर दुरुस्ती करून त्यावर ५ ते ८ मिलिमीटर जाडीचा एकच नवा थर देणे पुरेसे असते. हे काम पहिल्यांदाच करणाऱ्या किंवा गवंड्याकडून करवून घेणाऱ्या घरमालकासाठी पुढील माहिती दिली आहे.

कामाचा काळ

आपल्याकडे घराची रंगरंगोटी चतुर्थीच्या आधी उरकण्याची रीत आहे. घराच्या आतल्या रंगासाठी ती ठीक आहे, पण बाहेरच्या गिलाव्यासाठी श्रावण-भाद्रपदाइतका वाईट काळ दुसरा नाही, कारण त्या वेळी भिंत पोटापर्यंत ओली असते आणि नवा थर वाळण्याआधीच धुऊन जाण्याची भीती असते. पाऊस ओसरल्यावर भिंतीला किमान महिना-दीड महिना उन्हात सुकू द्यावे. तुळशीच्या लग्नानंतर काम सुरू करून शिगम्यापर्यंत रंगासह संपवणे हे वेळापत्रक बहुतेक घरांना मानवते. एप्रिल-मे महिन्यांत ऊन कडक असते, अनेक गावांत विहिरींचे पाणी तळाला जाते आणि नव्या गिलाव्याला आठवडाभर पाणी मारणे जिकिरीचे होते, म्हणून तो काळ टाळलेला बरा.

घर पणजीच्या फोंतायन्याससारख्या जतन क्षेत्रात असेल, तर बाहेरच्या रूपाला हात लावण्यापूर्वी परवानगी लागते. इतरत्रही परांची उभारण्याआधी पंचायतीत किंवा नगरपालिकेत एकदा चौकशी करून ठेवावी.

भिंत कोणत्या जातीची आहे?

सर्वांत आधी करण्याचे आणि सर्वांत जास्त वेळा वगळले जाणारे काम म्हणजे जुना गिलावा चुन्याचा आहे की सिमेंटचा, हे ओळखणे. गोव्यातल्या जुन्या घरांच्या भिंती मातीच्या किंवा मातीत बसवलेल्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, असतात आणि त्यांवर चुन्याचा गिलावा असतो. अलीकडच्या काही दशकांतली घरे सिमेंटमध्ये बांधलेल्या चिऱ्याची किंवा काँक्रीटच्या ब्लॉकची असतात. भिंतीच्या एका अडबाजूच्या कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढा तुकडा छिन्नीने काढून पाहावा. चुन्याचा थर पांढरट किंवा पिवळसर असतो, खिळ्याने सहज खरवडला जातो आणि त्यात कधीकधी शिंपल्यांचे बारीक तुकडे दिसतात, कारण किनाऱ्यावर चुना शिंपले भाजून केला जात असे. सिमेंटचा थर करडा आणि कठीण असतो व खिळ्याने त्यावर नुसती रेघ उठते. मागच्या सांध्यातला माल थोडासा पाण्यात टाकावा. तो विरघळून चिखल झाला, तर बांधकाम मातीतले आहे.

ही ओळख पटवणे महत्त्वाचे अशासाठी, की चिरा आणि माती जमिनीतली ओल शोषतात आणि ती भिंतीतून हवेत बाहेर पडावी लागते. चुन्याच्या थरातून ती पडते. सिमेंटच्या दाट थरातून ती पुरेशी पडत नाही, त्यामुळे ओल मागे अडकते, वर चढते आणि सिमेंट जिथे संपते तिथे लोणा, म्हणजे क्षारांचे पांढरे फूल, होऊन फुटते. अनेक जुन्या घरांत जोत्यापासून तीन-चार फूट उंचीपर्यंत सिमेंटचा पट्टा मारलेला दिसतो आणि नेमके त्याच्या वरच्या काठाला पांढरे मिठासारखे फूल आलेले, रंग पापुद्र्यांनी सुटलेला आणि बोट लावले की भुगा झडणारा दिसतो. पट्टा ओल थांबवण्यासाठी मारलेला असतो, पण तो तिला फक्त वरच्या मजल्याचा रस्ता दाखवतो. अशा भिंतीवर नवा हात द्यायचा असेल तर सिमेंटचा पट्टा आधी काढावा आणि भिंतीला किमान एक कोरडा हंगाम मोकळी ठेवावी.

म्हणून नियम साधा आहे. चुन्यावर चुना आणि सिमेंटवर सिमेंट किंवा सिमेंट-चुन्याचे मिश्रण द्यावे. वरचा थर खालच्या थराहून कठीण असू नये. कठीण थर आकसताना खालच्या मऊ थराला ओढून सोडवतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत मोठमोठी ढेपसे गळून पडतात.

पोकळ जागा, भेगा आणि पाण्याचे मार्ग

जात कळल्यावर लहान हातोड्याच्या मागच्या टोकाने किंवा लाकडी दांड्याने भिंत हळूहळू वाजवत जावे. घट्ट गिलावा टणटणीत वाजतो आणि सुटलेला गिलावा भद्द, पोकळ आवाज देतो. पोकळ भागाभोवती खडूने रेघ ओढावी आणि सगळी भिंत झाल्यावर दूर उभे राहून पाहावे. खडूच्या रेघांनी भिंतीचा साधारण तिसरा हिस्सा व्यापला असेल, तर माझ्या मते तुकडेदुरुस्तीचा नाद सोडून त्या भिंतीचा गिलावा पूर्ण काढावा, कारण ठिगळांची मजुरी पूर्ण कामाच्या जवळपास जाते आणि भिंत शेवटी ठिगळांचीच दिसते.

सगळ्या भेगा सारख्या नसतात. पृष्ठभागावर जाळ्यासारख्या पसरलेल्या केसाएवढ्या भेगा गिलावा आकसल्यामुळे पडलेल्या असतात आणि त्या नव्या थराखाली मिटतात. काँक्रीटचा खांब किंवा तुळई आणि चिऱ्याची भिंत यांच्या सांध्यावर सरळ रेषेत जाणारी भेग दोन पदार्थ वेगवेगळे प्रसरण पावत असल्यामुळे पडते आणि तिच्यावर जाळी बसवल्याशिवाय ती परत उमटते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली किंवा चिऱ्यांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी गेलेली भेग पाया खचत असल्याची खूण असू शकते. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी आणि ती पुढे सरकते का ते काही महिने पाहावे. सरकत असेल किंवा काँक्रीटवर गंजाचे तांबूस डाग उमटले असतील, तर गवंड्याच्या आधी अभियंत्याला बोलवावे.

त्यानंतर पाणी कुठून येते ते पाहावे. पन्हाळ गळते आहे का, कौलांच्या पागोळ्या सरळ जोत्यावर पडून चिखल उडवतात का, छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे का, की पाणी छज्जाच्या पोटावरून चालत भिंतीवर येते? छज्जाला खाच नसेल तर नव्या हातात ती काढून घ्यावी. कडेपासून दीड-दोन इंच आत, बोटाएवढी रुंद खाच पुरते. पागोळ्यांखाली फूट-दीड फूट रुंदीचा खडीचा पट्टा घातला तर उडणारा चिखल बराच कमी होतो. पूर्वी पावसाळ्याआधी मातीच्या भिंतींना माडाच्या विणलेल्या झापांचा आडोसा करत, आणि झडीच्या बाजूला तो आजही काही घरांत दिसतो. तो दिसायला ओबडधोबड असला तरी भिंतीचे काम तो चोख करतो.

भिंत साफ करणे

शेवाळावर, रंगावर किंवा धुळीवर दिलेला थर भिंतीला चिकटत नाही. काळे-हिरवे शेवाळ आधी कोरड्या कडक ब्रशने खरवडावे, मग दहा लिटर पाण्यात पाव किलो ब्लीचिंग पावडर मिसळून, ते निवळल्यावर वरचे पाणी भिंतीला लावावे, अर्ध्या तासाने पुन्हा घासावे आणि स्वच्छ पाण्याने धुवावे. या पाण्याबरोबर कोणतेही अ‍ॅसिड वापरू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. अंगणातली तुळस आणि झाडे आधी प्लास्टिकने झाकावीत. जोरदार पाण्याचे यंत्र सिमेंटच्या गिलाव्यावर चालते, पण चुन्याच्या गिलाव्यावर आणि उघड्या चिऱ्यावर ते वापरू नये, कारण चिऱ्यातली मऊ माती त्याने खोदली जाते.

रंगाची परीक्षा पाण्याने करावी. ओंजळभर पाणी भिंतीवर मारले आणि ते शोषले गेले, तर भिंत थर घेईल. ते थेंबांनी खाली ओघळले, तर तिथे प्लास्टिकचा रंग अजून शिल्लक आहे. तो पत्र्याने, तारेच्या ब्रशने किंवा ग्राइंडरने काढावा आणि सिमेंटच्या गुळगुळीत पृष्ठभागावर साधारण दोन-दोन इंचांवर टाचे, म्हणजे छिन्नीने उथळ खाचा, मारून घ्यावेत. कंत्राटदार कधीकधी रंगावरच बाँडिंगचे द्रव लावून पुढे जाऊ पाहतात. ते द्रव थराला रंगाशी चिकटवते, रंग मात्र भिंतीला पूर्वीइतकाच सैल चिकटलेला राहतो.

दुरुस्ती

खडूने आखलेले पोकळ भाग चौकोनी कडा ठेवून कापावेत आणि मूळ बांधकामापर्यंत मोकळे करावेत. चिऱ्याचे सांधे सुटले असतील तर अर्धा-पाऊण इंच खोल साफ करून पुन्हा भरावेत. मग भिंत ओली करून खड्डा एकाच दमात न भरता दहा-बारा मिलिमीटरच्या थरांनी भरावा, शेवटचा थर आजूबाजूच्या पातळीपेक्षा जराही वर येऊ देऊ नये आणि तो खरबरीत ठेवावा. केसाहून रुंद पण न सरकणाऱ्या भेगा कोनाकार रुंद करून पॉलिमर मिसळलेल्या मालाने भराव्यात. खांब-भिंतीच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना १५० मिलिमीटर जाईल अशी जाळी बसवावी. समुद्राजवळ साधी कोंबडी जाळी लवकर गंजते, म्हणून तिथे सिमेंटला टिकणारी काचतंतूंची जाळी वापरावी. ही दुरुस्ती किमान आठवडाभर पाणी मारून पक्की होऊ द्यावी आणि मगच वरच्या थराकडे वळावे.

रेती, सिमेंट, चुना

गिलाव्याच्या यशापयशात रेतीचा वाटा लोकांना वाटतो त्याहून मोठा असतो. खाडीच्या रेतीत मीठ असते आणि ते पुढे भिंतीवर लोणा म्हणून बाहेर येते. चिमूटभर जिभेवर ठेवून पाहण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे. गाळ मोजण्यासाठी सरळ बाजूंच्या काचेच्या बरणीत निम्मी रेती आणि वर पाणी घालावे, चांगले हलवावे आणि तीन-चार तास तशीच ठेवावी. वर बसलेला चिकण मातीचा थर रेतीच्या थराच्या ८ टक्क्यांहून जाड असेल तर रेती धुऊन घ्यावी किंवा परत पाठवावी. नदीची रेती मिळत नसेल तर गिलाव्यासाठी म्हणून विकली जाणारी धुतलेली यंत्ररेती चालते. बांधकामाची भरड यंत्ररेती चालत नाही. गिलाव्याच्या रेतीसाठी भारतीय मानक १५४२ आहे आणि विक्रेत्याला त्याचे नाव घेऊन विचारायला हरकत नाही. शेवटच्या थरासाठी रेती बारीक चाळणीने चाळून घ्यावीच.

सिमेंट तीन महिन्यांच्या आतले असावे आणि पोत्यात हात घातला असता खडे लागू नयेत. सिमेंटच्या भिंतीसाठी १ भाग सिमेंट आणि ४ भाग रेती हे प्रमाण रूढ आहे, पण माझी पसंती १ भाग सिमेंट, १ भाग चुना आणि ६ भाग रेती या मिश्रणाला आहे, कारण ते थापीखाली मऊ चालते आणि कमी आकसते. प्रमाण घमेल्याने मोजावे, फावड्याने नाही. अंदाजासाठी एक उदाहरण देतो. १० मीटर लांब आणि ३ मीटर उंच भिंतीवर ६ मिलिमीटर थर, उंचसखलपणा आणि नासाडी धरून, १:४ प्रमाणाने साधारण दोन पोती सिमेंट आणि नऊ-दहा घनफूट रेती घेतो.

चुन्याच्या भिंतीसाठी भिजवलेला, पाण्याखाली निदान दोन आठवडे मुरलेला आणि गाळून घेतलेला चुना १ भाग व धारदार रेती ३ भाग घ्यावी. झडीच्या बाजूला चुन्यात थोडी सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची बारीक पूड, घातली तर थर ओलीतही घट्ट होतो. चुनकळी भिजवताना ती उसळते आणि तापते, म्हणून ते काम डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे घालून, मुलांना दूर ठेवूनच करावे. जुने गवंडी चुन्यात गुळाचे पाणी घालत, पण ज्याने ते स्वतः केले आहे असा माणूस सोबत नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

थर देणे

आधी मागच्या भिंतीवर दोन बाय दोन फुटांचा नमुना करावा आणि तो पूर्ण वाळल्यावरच पोत व रंग पसंत करावा, कारण ओल्या मालाचा रंग नेहमीच गडद दिसतो.

भिंत आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी भिजवावी. थर देताना ती ओलसर असावी, पण पाण्याने चमकत नसावी. कोरडी भिंत मालातले पाणी ओढून घेते आणि थर जळतो, तर चमकत्या भिंतीवरून तो घसरतो. काम सावलीच्या मागे मागे न्यावे, म्हणजे पश्चिमेची भिंत सकाळी आणि पूर्वेची दुपारनंतर घ्यावी. वरून खाली यावे. एका दिवशी जेवढा भाग पुरा होईल तेवढाच घ्यावा आणि थांबायचे तर कोपऱ्यावर, खिडकीच्या कडेला किंवा आखलेल्या खाचेवर थांबावे, कारण भिंतीच्या मधोमध पडलेला सांधा रंगाखालूनही दिसतो. पाणी घातल्यावर माल तासाभरात संपवावा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो वापरू देऊ नये.

माल थापीने दाबून लावल्यावर पाट्याने सारखा करावा आणि मग थांबावे. बोट टेकवले असता ठसा उमटतो पण माल चिकटत नाही, अशी वेळ आली की लाकडी रंध्याने गोल फिरवत घोटावे आणि शेवटी ओलसर स्पंजने रेतीचे दाणे उघडे करावेत. हाच रेतीदार पोत बाहेरच्या भिंतीला योग्य आहे. लोखंडी थापीने घोटून आरशासारखी केलेली भिंत पहिल्या दिवशी सुरेख दिसते, पण सिमेंटची साय वर येऊन तिच्यावर बारीक जाळे पडते. याच टप्प्यावर लक्ष ठेवण्याची आणखी एक गोष्ट आहे. थर लवकर आवळावा म्हणून काही गवंडी ओल्या पृष्ठभागावर कोरडे सिमेंट भुरभुरवतात आणि वरून घोटतात. त्यामुळे वर पापुद्रा तयार होतो आणि तो वर्षभरात सुटतो. ही गोष्ट काम सुरू होण्याआधीच शांतपणे पण स्पष्टपणे सांगून ठेवावी, परांचीवरून वाद घालण्याची वेळ येऊ देऊ नये.

थर जमिनीपर्यंत नेऊ नये. जोत्याचा चिरा उघडा असेल तर तो तसाच राहू द्यावा, आणि गिलावा खाली येत असेल तर जमिनीपासून सहा इंच वर त्याला सरळ कड देऊन थांबवावे. परांची भिंतीत भोके पाडून न बांधता स्वतंत्र उभी करावी, विजेच्या तारांपासून दूर ठेवावी आणि मंगळुरी कौलांवर कोणालाही पाय देऊ देऊ नये.

पाणी मारणे आणि रंग

सिमेंटच्या थराला दुसऱ्या दिवसापासून किमान सात दिवस, दिवसातून तीन वेळा पाणी मारावे. नळीच्या धारेने नव्हे, फवाऱ्याने. पश्चिमेच्या भिंतीवर गोणपाट टांगून ते ओले ठेवणे अधिक चांगले. चुन्याचा थर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कठीण होतो, म्हणून त्याला आठवडा-दहा दिवस सावली आणि हलका ओलावा द्यावा. तो पूर्ण पक्का होण्यास कित्येक आठवडे लागतात. हेच कारण आहे की चुन्याचे काम डिसेंबरच्या पुढे ढकलू नये.

सिमेंटच्या भिंतीला रंग देण्याआधी साधारण २८ दिवस थांबावे. ताज्या सिमेंटमधला क्षार रंग फिका करतो आणि सोलवतो. त्यानंतर बाहेरच्या भिंतीचा प्रायमर आणि मग रंगाचे दोन हात द्यावेत. चुन्याच्या भिंतीला मात्र प्लास्टिकचा रंग लावला तर वर सांगितलेली सगळी मेहनत वाया जाते. तिला पातळ चुन्याचे तीन-चार हात, हवे तर त्यात पिवळी माती किंवा हिरमुंजी मिसळून, द्यावेत. प्रत्येक हातापूर्वी भिंत किंचित ओली करावी. रंग थरातच मिसळायचा असेल तर सिमेंटच्या वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत ऑक्साइड रंग घ्यावा, प्रत्येक घाणीसाठी तो वजनाने मोजावा आणि पूर्ण भिंतीचा साठा एकदमच विकत घ्यावा, कारण नंतर आणलेल्या डब्याची छटा सहसा जुळत नाही.

पुढच्या जूनमध्ये पहिली मोठी झड येऊन गेल्यावर त्या बाजूच्या खोल्यांची भिंत आतून हाताने चाचपून पाहावी. खिडकीच्या चौकटीभोवती ओल लागली, तर दोष बहुधा नव्या थरात नसतो. चौकट आणि गिलावा यांच्यातली फट पाऊस थांबल्यावर आणि जागा सुकल्यावर लवचीक सीलंटने भरली की ती ओल थांबते.